रॉटरडॅमच्या दारातली पेटी

आमच्या गावात रॉटरडॅमचं नाव पिंपळगावच्या मार्केटसारखं घेतात. "काय म्हणतंय रॉटरडॅम?" म्हणजे तिकडं द्राक्षाला उठाव आहे का. विचारणाऱ्यानं मुंबईचा समुद्रसुद्धा धड पाहिलेला नसतो. मीही त्यातलीच. पण त्या वर्षी ते शहर मला मुळापासून वाचावं लागलं, कारण माझा जीव तिथं टांगणीला लागला होता.

नवरा गेल्यापासून दिंडोरीकडची बाग मीच बघत होते. दिराचं म्हणणं, एक्स्पोर्ट हे बाईमाणसाचं काम नाही, बाग त्याच्याकडे द्यावी. शेवटी चार भाऊबंदांसमोर ठरलं. यंदाचा कंटेनर तिकडं पास झाला तर बाग माझ्याकडे राहील, नापास झाला तर पुढच्या छाटणीपासून दीर बघेल. मी हो म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं, पण म्हटलं.

जहाज न्हावाशेवाहून निघालं, तांबड्या समुद्राची वाट धोक्याची म्हणून आफ्रिकेला वळसा घालून पोचलं, आणि एक्स्पोर्टरचा फोन आला.

"वहिनी, माल अडवलाय. एका पेटीत द्राक्षांवर लाल भुकटी सापडली. तपासायला पाठवलीय. कसली आहे ते विचारताहेत."

लाल भुकटी म्हटल्यावर मला कुंकूच आठवलं. कंटेनर आला की माल चढवायच्या आधी आमच्याकडे नारळ फोडतात, त्याच्या दाराला हळदकुंकू लावतात. पण दाराला. आत पॅकिंगला बसताना आम्ही डोक्याला टोपी घालतो, बांगड्यासुद्धा काढून ठेवतो. पेटीत कुंकू जाईलच कसं? पॅकिंगच्या बायकांना मी एकेकीला फोन करून फैलावर घेतलं. सगळ्याजणी शपथेवर नाही म्हणाल्या. एक तर रडायलाच लागली, तरी मी आवाज खाली आणला नाही. दिराला बातमी कुठून कळली देव जाणे. तो संध्याकाळीच बागेत येऊन ओळींमधून फिरून गेला, जागा बघायला आल्यासारखा.

आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. ओसरीत बसून मी मोबाइलवर रॉटरडॅमचा इतिहास उघडला. माझं नशीब ज्याच्या हातात आहे ते गाव आहे तरी कोण, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मलाबी कळू दे."

मग मी वाचत गेले आणि त्यांना सांगत गेले. एका लहानशा नदीवर बांध घातला, त्या बांधावरून गावाचं नाव पडलं. आधी सगळे मासे धरणारे. मग मसाल्याची जहाजं आली. त्याच देशाच्या लोकांची, म्हणजे डचांची, आपल्या वेंगुर्ल्यालाही वखार होती. आपलेही लोक काही मागे नव्हते म्हणा, पांडवलेण्यातल्या लेखात सोपाऱ्याच्या जुन्या बंदराचं नाव आहे, म्हणजे नाशिकचा माणूस तेव्हापासून बंदराकडे डोळे लावून बसलेला. पुढं रॉटरडॅमची समुद्राकडची वाट गाळानं भरली, मोठी जहाजं आत येईनात, तर त्यांनी सरळ नवा कालवा खणला. कोळसा, लोखंड, कारखाने, तेलाच्या टाक्या. मग दुसऱ्या महायुद्धात विमानांनी बॉम्ब टाकले आणि गावाचा मधला भाग जळून गेला.

सासूबाईंचे हात थांबले. "मग? परत व्हतं तसंच बांधलं?"

"नाही आई. जुनं गेलं ते गेलं म्हणाले, नवंच बांधलं. पुढं समुद्रात भराव घालून बंदरही नवं केलं. आपला कंटेनर तिथंच उभा आहे."

त्यांनी लसणाच्या साली पदरात गोळा केल्या. मग म्हणाल्या, "ते कुंकू मी टाकलं."

"तुम्ही? कशासाठी?"

"दाराची पूजा सवाशिणींनी केली. तुला कोनी पुढं बोलावलं नाय. तू क्रेटच्या मागं जाऊन उभी राहिली, म्या पाह्यलं. बाग तू जगवली अन् मान दुसऱ्यांचा. मला लय लागलं. म्हनून झाकायच्या आधी एका पेटीत तुझ्या नावानं चिमूटभर टाकलं."

"आई, तुम्ही माझीच बाग घालवलीत," मी म्हणाले. इतकं कडू मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली नाही. "माझं नाव सांग त्यांना. म्हाताऱ्या बाईनं टाकलं म्हनाव."

मी एक्स्पोर्टरला खरं ते सांगितलं. तो चाचरला, "कुंकू म्हणून कसं कळवू वहिनी?" "आहे तसं कळवा," मी म्हटलं. पुढचे दिवस दिराची मोटारसायकल वाजली की मी उठून बागेत निघून जायचे. अखेर निरोप आला. बाकीच्या पेट्या स्वच्छ निघाल्या, ती एक पेटी फेकली, माल पास होऊन सुटला. दीर आला, चहा प्यायला, बागेचं नाव न काढता गेला.

पुढच्या हंगामात कंटेनर पुन्हा दारात उभा राहिला. बायका ताट घेऊन पुढं झाल्या, मी नेहमीसारखी क्रेटमागं सरकले. सासूबाईंनी जावेच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि सगळ्यांमधून चालत माझ्याकडे आल्या. "आई, अगं लोक काय म्हणतील," दीर हळूच म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताट माझ्या हातात दिलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "दाराला लाव. सगळ्यांम्होरं."