माझा तास कुणी घेतला?

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा हसतोय. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही मी अमावस्या पाळत नाही, गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. पण माझ्याच बाबतीत एक गोष्ट घडली... भरदिवसा, जेवणाच्या सुट्टीनंतर, पोरांनी भरलेल्या वर्गात. बायकोलासुद्धा सांगितलेली नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी भूगोलाचा एम.ए., सेट पास. राहायला बारामतीत, जळोचीला भाड्याच्या खोलीत. इंदापूर रोडवरच्या एका कॉलेजात (नाव सांगत नाही, उगाच कुणाला त्रास नको) तासिका तत्त्वावर शिकवायचो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — तास घेतला तर त्या तासाचे पैसे, नाही घेतला तर नाही. सुट्ट्या लागल्या की पगारही सुट्टीवर. दर जूनला त्याच खुर्च्यांसमोर पुन्हा मुलाखत, जणू आपल्याला तिथं कुणी कधी पाहिलेलंच नाही. पोरं 'सर' म्हणतात आणि आपण दरवर्षी म्हणत राहायचं, यंदा कायम जागा निघतील.

आम्हा तासिकावाल्यांत एक न लिहिलेला नियम आहे. दुसऱ्याच्या चालू तासात शिरायचं नाही. तुम्हाला उशीर झाला आणि तुमच्या वर्गावर दुसरं कुणी उभं असेल, तर तो तास त्याचा. दारात जाऊन उभं राहणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी ओढणं. कायम नोकरी असलेल्यांना हे कळायचं नाही.

त्या दिवशी सकाळी मी इंदापूरला सागरच्या दुकानात गेलो होतो. सागर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. ठिबकच्या पाईपा आणि फिटिंगचं सामान विकतो, दुकान चांगलं चाललंय.

"दाजी, मला गिऱ्हाईक बघाय घरचा माणूस पायजे," तो म्हणाला. "आज सांजंपर्यंत सांगा. न्हायतर मी दुसरं कोनतरी बघतो. लय दिवस थांबलोय तुमच्यापायी."

"हे वर्ष तरी संपू दे की रे."

"तुमचं वर्ष कवा संपतंय, दाजी? ताईनं पोरीच्या शाळेचं काढलं की तुमी म्हनता, जागा निघत्याल."

चहा अर्धा टाकून उठलो. राग आला होता, पण त्याचा नव्हे. तो खरंच बोलत होता. मला प्रश्न एवढाच होता की शिकवणं सोडलं तर मी उरतो कोण? फळ्यासमोर उभं राहिलं की मला बरं वाटतं. आयुष्यात तेवढंच एक धड जमलंय.

एसटी निघाली आणि शेळगावच्या पुढं अडकली. उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा. सीझनमध्ये हे नेहमीचंच. मी चडफडत बसून राहिलो. कॉलेजात पोचलो तेव्हा माझा तास संपत आला होता.

वरांड्यातून जाताना पाहिलं तर एस.वाय.चा वर्ग चिडीचूप. एरवी सर नसले की तिथं बाजार भरलेला असतो. मागच्या खिडकीतून डोकावलो. सगळ्यांच्या माना वह्यांत, आणि फळ्यावर कुणीतरी पाठमोरं. किंचित वाकलेला, केस पांढरे, अंगात आकाशी शर्ट. फळ्यावर भीमा-नीरेच्या खोऱ्याचा नकाशा चालला होता. वाटलं, ऑफिसनं कुणी नवीन सर पाठवले असतील. आत जायचं नाही, एवढंच डोक्यात. मी मागं फिरलो आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसलो.

तिथं इतिहासाच्या काळे मॅडम होत्या, त्याही माझ्यासारख्याच तासिकेवर. त्यांना विचारलं, "मॅडम, माझा तास कुणाला दिला?"

"कुणालाच नाही. उलट मीच मागायला गेले होते, तर ऑफिसवाले म्हणाले, सर आलेत, वर्ग चालू आहे."

इतक्यात घंटा झाली. मी वरांड्यात आलो. पोरं बाहेर पडली आणि प्राजक्ता समोर आली. पहिल्या बाकावर बसणारी, लासुर्ण्याहून येणारी हुशार पोरगी. मला बघून ती थबकली.

"सर, मगाशी आलते ते तुमचे वडील व्हय?"

"का गं?"

"न्हाय, सेम तुमच्यासारखंच बोलत व्हते. चष्मा बी तसाच शर्टाच्या टोकानं पुसला. आन नकाशा खालनं काढला, नरसिंगपूरच्या संगमापासनं. तसा तर तुमीच काढता ना?"

माझे वडील आमच्या गावी, कऱ्हाटीत, शिवणकाम करायचे. चौथी शिकलेले. मी दहावीत असतानाच गेले.

मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"शिकवलं की. लय भारी शिकवलं. जाताना म्हनले, यंदा जागा निघनारेत, मग रोज येत जाईन."

मी तिला तिथंच सोडून वर्गात गेलो. फळा कुणी पुसला नव्हता. सगळे जण नदी उगमापासून काढतात, मी संगमापासून उलटा वर जातो. ही माझी खोड, कुणी शिकवलेली नाही. आणि समोर तोच नकाशा होता. नीरा, तिला मिळणारी कऱ्हा, वर उजनीचा फुगवटा... पण माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. कुठं थांबलेली रेघ नाही, खोडलेलं नाही. तसा हात बसायला मला अजून निम्मं आयुष्य त्याच फळ्यापुढं काढावं लागलं असतं.

आता तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढला? मोबाईल हातातच होता हो... सुचलंच नाही. वरांड्यात कॅमेरेही आहेत. पण ऑफिसात जाऊन मागायचं, तर आधी मी तासाला नव्हतो हे सांगावं लागलं असतं. बघा, तेव्हासुद्धा मी काय वाचवत होतो, तर एका तासाचे पैसे! मी डस्टर उचललं आणि फळा पुसून टाकला.

दिवस मावळायच्या आत सागरला फोन केला. "येतो," म्हणालो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आजवर पहिल्यांदा तुम्ही माझ्या मनातलं केलंत." तिला वाटलं, मला घराची काळजी पडली. मला फक्त तो पांढऱ्या केसांचा माणूस व्हायचं नव्हतं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी इंदापूरला दुकानात बसतो. पोरीला बऱ्या शाळेत घातलंय, घरात भांडणं नाहीत. माणसाला आणखी काय लागतं? असं मीच मला सांगतो.

मागच्या महिन्यात लासुर्ण्याचे एक तात्या ठिबकचा सेट न्यायला आले. बोलता बोलता कळलं की ते प्राजक्ताचे वडील. मी नाव सांगितलं तर ते जरा गोंधळले.

"तुमीच व्हय भूगोलाचे सर? मग हितं कसं? पोरगी तर परवाच म्हनत व्हती, सरांचा तास झाला म्हनून."

"दुसरे कुणी नवीन सर असतील, तात्या."

"आसंल बा. तुमचंच नाव घेती, म्हनून म्हनलं. म्हनती, सर आता थकल्यात, पन तास बुडवत न्हाईत."

मी सेट बांधून दिला. बिल करताना दोनदा चुकलो, सागरनं विचारलं तर उकाड्यावर ढकललं. काळे मॅडमना फोन करून खात्री करून घेता आली असती, पण अजून केलेला नाही. तो कोण, माझं नाव लावून तिथं कसा, हजेरीवर सही कोण करतं... मला काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा.

एक मात्र कबूल करतो. तात्या गेल्यावर मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला.