देवी नव्हती, माझी अक्का होती

"बाई, देवीनं देह ठेवला," तो माणूस म्हणाला, आणि मी त्याला विचारलं, "कोणती देवी?" खरं तर मला कळलं होतं. पण त्याच्या तोंडून माझ्या बहिणीचं नाव ऐकायचं होतं, आणि ते काही केल्या त्याच्या तोंडात येत नव्हतं. अक्काच्या सासरच्या गावाहून पहिल्या एस.टी.नं तो बुलढाण्याला आला होता आणि आमच्या शाळेच्या ऑफिसच्या दारात टोपी हातात धरून उभा होता. शेवटी म्हणाला, "तुमच्या मोठ्या बहीन... शांताबाई." पलीकडच्या इमारतीत अक्काची मंगल, तिची एकुलती एक पोर, मॅट्रिकचा गणिताचा पेपर लिहीत होती. मी त्या माणसाला खुर्चीवर बसवलं, शिपायाला चहा आणायला सांगितलं आणि बजावलं की घंटा होईपर्यंत इथून हलायचं नाही. तो म्हणाला, "पोरीले सांगा तं लागन, बाई." मी म्हटलं, "सांगीन. पेपर झाल्यावर." त्याला मी दगडाच्या काळजाची वाटले असेन. वाटू दे. त्या पेपरापायी काय गेलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं.

गाव मोताळा तालुक्यातलं, धामणगाव बढ्याच्या पुढं. नाव मी लिहिणार नाही. उगाच त्यांना आणखी चार भाविक मिळायला नकोत. अक्का तिथं लग्न होऊन गेली तेव्हा मी परकरात होते. आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी ती आणि सगळ्यात जास्त बोलणारी मी. अक्का सातवीला वर्गात पहिली आली आणि तिची शाळा संपली, कारण स्थळ चांगलं होतं. पुढं माझी सातवी झाली, बाबा म्हणाले, आता पुरे. अक्का तेव्हा माहेरपणाला आलेली. पोळ्या लाटता लाटता उठली, लाटणं हातात तसंच, ओसरीवर येऊन म्हणाली, "बाबा, कमलले शिकू द्या." एवढंच. बाबा हो म्हणाले. मी आज शिक्षिका आहे ती त्या एका वाक्यामुळं. ती शुद्धीत होती, दोन पायांवर उभी होती, आणि तिचं ऐकलं गेलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सासरी तिच्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. माणसं वाईट नव्हती, खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडी चांगली. कारभार थोरल्या दिरांचा, दादारावांचा. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, मोठ्या भावापुढं मान वर न करणारे. मंगल सहा-सात वर्षांची असताना अक्का पहिल्यांदा पडली. चेहरा पांढरा फटक, डोळे वर फिरलेले, हातपाय झटके देतायत... आणि मग एकाएकी सगळं थांबून चेहरा लालबुंद. तो लाल चेहरा बघून सासू म्हणाली, तेज पाहा, देवी आली. झालं. पुढच्या खेपेला उदबत्ती आली, त्याच्या पुढच्या खेपेला नारळ. मंगळवारी पडली की देवीचा वार म्हणून, आणि दुसऱ्या वारी पडली की देवीची मर्जी म्हणून. घरात लग्नमुंजीसाठी ठेवलेला एक सागवानी चौरंग होता, पडली की तिला उचलून त्यावर बसवायचे. शुद्धीवर येते न येते तोच दादाराव हात जोडून विचारायचे, "काय हुकूम हाय, माय?" ती बिचारी घोटभर पाणी मागायची. मग ते पाणी तीर्थ म्हणून वाटलं जायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथं जाऊन काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. दादाराव शांतपणे म्हणाले, "शिकलेल्या बायकायले देवी दिसत नाही, बाई." तो माणूस ढोंगी असता तर सोपं होतं. त्याचा मनापासून विश्वास होता, आणि मनापासून विश्वास असलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला आजही येत नाही.

नशीब म्हणून, मंगल आठवीत असताना, भाऊबीजेला ती बुलढाण्यात माझ्या घरी पडली. आमच्या यांनी धावत जाऊन सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणले. त्यांनी तिचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. त्या आठवड्यात, सासरी न कळवता, आम्ही तिला मलकापूरहून रेल्वेनं मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली निरोप जातो तेव्हा खालचा कप्पा आवळतो, हिचा निरोप वाटेतच अडतो. अडला की हृदय थबकतं, माणूस पडतो. पुन्हा चाललं की रक्त उसळून तोंडाला येतं. तेज होतं ते एवढंच. मग तिच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, साबणाच्या वडीएवढं परदेशी मशीन बसवलं आणि त्याची तार हृदयापर्यंत सोडली. विजेचा बारीकसा टोचा देत ते हृदयाला चालवत राहणार. डॉक्टर अक्काला म्हणाले, "बाई, दोनेक वर्षांत याची बॅटरी उतरेल. रोज सकाळी नाडी मोजायची. मिनिटाला सत्तर भरली पाहिजे. कमी भरायला लागली की तडक इकडं यायचं, पडायची वाट बघायची नाही. आम्ही हे काढून नवं बसवू." मी माझ्या हातातलं घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं. खाटेवर बसून ती दिवसभर स्वतःचं मनगट धरून मोजत होती आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

ती परत गेली आणि पडायची थांबली. सासूनं डोळ्याला पदर लावला... सून वाचली म्हणून नव्हे, देवी गेली म्हणून. मुंबईच्या डॉक्टरांनी काहीतरी लोखंड घालून देवीची वाट बुजवली असं गावात बोललं जाऊ लागलं. नारळ थांबले, चौरंग माळ्यावर गेला आणि अक्का पुन्हा धाकटी सून झाली. मला म्हणाली होती, "कमल, मी पडत होती तवा माह्या शब्दाले अख्खं गाव उठे. आता म्हनलं का भाजीत मीठ कमी हाय, तं कोनी वर नाही पाहत." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात दादारावांनी मंगलचं लग्न ठरवलं. फाल्गुनातली तारीख, म्हणजे मॅट्रिकच्या तोंडावर. अक्का नाही म्हणाली. भाऊजींना म्हणाली, सासूला म्हणाली, दादारावांसमोर डोक्यावरचा पदर सावरून उभी राहून म्हणाली. कोणी रागावलंसुद्धा नाही. रागवायला आधी ऐकावं लागतं. मी दोनदा जाऊन आले. चहा मिळाला, फराळ मिळाला, उत्तर मिळालं नाही. आणि मग एक दिवस खुद्द दादाराव मंगलला आणि तिच्या पेटीला घेऊन माझ्या दारात उभे. परीक्षेचं केंद्र बुलढाण्यालाच होतं. त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाले, "परीक्षा होईस्तोवर पोरगी तुमच्याकडं राहीन. देवीचा हुकूम हाय."

देवीचा हुकूम, म्हणजे अक्का पुन्हा पडली होती. ते गेल्यावर मी मंगलला विचारलं. ती म्हणाली, "माय पडली, मावशी. खरीच पडली. चौरंगावर बसवलं आन् काकानं विचारलं, काय हुकूम हाय. मंग माय म्हने, पोरीले मावशीकडं धाडा, परीक्षा झाल्याबिगर तिले हळद लावली तं मी या घरात राहनार नाही. पन बोलली तवा शुद्धीत होती. माह्याकडं पाहून बोलली."

दुसऱ्या दिवशी मी गावी. देवीला मुंबईला नेता का, म्हणून सासू अंगावर आली. तिला बाजूला सारून मी आत गेले. अक्का चौरंगावरच बसली होती, कपाळभर कुंकू, ओठ निळसर. आमची ती शेवटची भेट. मी विचारलं, नाडी किती भरते? म्हणाली, "मागच्या महिन्यात साठ भरे. आता मोजत नाही." मी तिचा हात धरून ओढला. तिनं तो सोडवून घेतला आणि अगदी हळू आवाजात, जणू मला एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं सांगितलं, "पाह्य कमल, मुंबईले गेली का मशीन नवं होईन. मशीन नवं झालं का मी पडनार नाही. मी पडली नाही तं देवी गेली. आन् देवी गेली का हे पोरीले माघारी आनतीन. सोयरीक मोडली नाही अजून, थांबली हाय निसती." मी म्हटलं, मी देणारच नाही तिला. तर म्हणते, "तू कोन? मावशी. मी माय हाव, माह्यं ऐकलं का कोनी?" मरशील ना गं, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "शेवटचा पेपर होऊ दे. मीच यस्टीत बसते. तेवढं चालन हे." आणि हातातलं घड्याळ काढून माझ्या मुठीत कोंबलं. "पोरीले दे. पेपरात टाइम समजला पाह्यजे."

तेवढं चाललं नाही. गणितानंतरचे दोन पेपर अजून राहिले होते.

अक्कावर मी आजही चिडलेली आहे. जिवंत माणसावर चिडावं तशी. तिला फरफटत का आणलं नाही असं मला विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांनी कधी अख्ख्या गावाच्या मधून त्यांची देवी ओढून आणून बघावी. तिचा हिशेब चुकला असं काही शहाणे म्हणतात. काही चुकला नाही. तिच्याजवळ आवाज एकच होता, बॅटरी उतरली की निघायचा, तो तिनं वापरला. सांगायचं काय होतं हो तिला? पोरीला परीक्षा देऊ द्या. एवढं वाक्य ऐकायला त्या घराला बाईचे डोळे फिरलेले लागायचे, हातपाय झाडलेले लागायचे. दादारावांना माफ करा, अडाणी आहेत, असं आमच्या स्टाफरूममध्ये एक गृहस्थ म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुमच्या मुलीला कोणत्या शाखेला घालायचं ते तुमच्या घरात कोणी ठरवलं? ते वर्तमानपत्र वाचू लागले.

पेपर सुटल्यावर मंगलला सांगितलं आणि आम्ही गावी पोचलो. तिकडं बायका स्मशानात जात नाहीत. आमचे हे गेले होते. परत येऊन आधी अंघोळ केली. मग म्हणाले, चिता चांगली पेटल्यावर मोठा आवाज झाला, लाकडं उडाली, आणि सगळा जमाव जमिनीवर आडवा झाला. देवी निघाली म्हणाले. मशीन काढायला हवं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला सुचलं नव्हतं. बॅटरी फुटली होती, दुसरं काय. जिवंतपणी तिला पुरली नाही आणि मेल्यावर मात्र सगळ्या गावाला ऐकू गेली.

त्याच संध्याकाळी मी मंगलला घेऊन निघाले, तर दादाराव दारात. "सुतकात पोरगी पेपर लिहीन का? दहा दिवस घरात बसा लागन." मी तोंड उघडलं ते भांडायला. शिक्षण, वर्ष वाया जाणं, आईची इच्छा, सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणाले काय, तर, "देवी गेली म्हणून तिचा हुकूम गेला का? परीक्षा होऊ द्या असं म्हणाली होती ना?" दादारावांनी हात जोडले आणि स्वतः बैलगाडी जुंपवून आम्हाला फाट्यावर सोडलं. एस.टी.त मंगल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मला राग आवरत नव्हता. किती सोपं होतं ते... राहिलेले दोन्ही पेपर तिनं लिहिले, मनगटावर आईचं घड्याळ बांधून.

मागच्या आठवड्यात दादाराव पुन्हा आले होते. गावात अक्काच्या नावानं देवीचं ठाणं बांधतायत, त्याच्या स्थापनेचं बोलावणं घेऊन. चौरंगही तिथंच ठेवणार. पाणी पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, देवी लेकीत उतरते म्हणतात, मंगलनं स्थापनेला त्या चौरंगावर बसावं अशी गावाची इच्छा आहे. मी काही बोलायच्या आत मंगल आतून आली. हात पिठाचे होते. म्हणाली, "काका, मी येनार नाही. आन् मले लगन बी नाही करायचं. मले कॉलेजात जायचं हाय."

दादारावांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनते पोरगी?"

ती मराठीतच बोलली होती, दोन पायांवर उभी राहून. मी म्हटलं, "तिला विचारा."

तिनं तेच पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. मग ते तिच्याकडं बघत राहिले. आधी मला वाटलं, चिडलेत. नंतर कळलं, ते तिचे डोळे बघत होते, कधी वर फिरतात त्याची वाट बघत. मीही बघत होते. मंगल सरळ त्यांच्याकडं पाहत उभी होती. बऱ्याच वेळानं ते उठले, टोपी घातली आणि पायऱ्या उतरून गेले. मंगलनं हात धुतले, पुसले आणि घड्याळाला चावी दिली. सकाळी द्यायची राहून गेली होती.