पुरण्याआधी घासलेला तलाव

ऑर्व्हिलकाकाने जन्मभर गवत कापायची यंत्रं दुरुस्त केली आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगितली. यंत्रं झटपट व्हायची, प्रार्थना मात्र लांबत जायची. पण अलाबामातल्या आमच्या टॅल्मन गावात त्याची खरी ओळख होती, ती तलावात उडी मारलेला माणूस म्हणून.

तो तलाव म्हणजे गावचा पोहण्याचा तलाव, फक्त गोऱ्यांसाठी. काका ऐन विशीत असताना कोर्टाचा हुकूम आला, तलाव सगळ्यांना खुला करा. गावच्या कौन्सिलने बैठक घेतली आणि ठरवलं, काळी पोरं पाण्यात उतरणार असतील तर तलावच नको. माती टाकून बुजवा. बुजवायला मजूर अर्थात आम्हा काळ्यांमधलेच आणले, त्यात काका होता. खोल बाजूला अजून पाणी शिल्लक होतं. त्यात काकाने बूट-टोपीसकट उडी मारली. पोहता येत नव्हतंच. शेवटी काठावरच्या गोऱ्या जीवरक्षकाने पानं काढायची लांब काठी पुढे केली आणि त्याला बाहेर ओढलं.

खरी गंमत पुढे आहे. मुकादमाने महापौरांना फोन केला. उत्तर आलं: काळा माणूस पाण्यात पडलाय ना, मग सगळं पाणी उपसा, तलाव ब्लीचने घासून काढा आणि मग माती टाका! काकानेच गुडघ्यांवर बसून फरशा घासल्या. दुसऱ्या दिवशी त्याच फरशांवर मातीचे ट्रक रिकामे झाले.

"काय चकाकत होता गं!" काका मला सांगायचा. "इतकं लख्ख करून तर आपण माणसालाही पुरत नाही."

गेल्या वर्षी न्यूयॉर्कहून इमानी नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. आमच्यातलीच. गुलामांच्या जहाजांपासून आजपर्यंत आपल्या लोकांना कुठून कुठून हाकललं, यावर ती माहितीपट बनवत होती. काकाने अंत्यविधींना जाताना घालायचा सूट चढवला. टक्कल कॅमेऱ्यात चमकू नये म्हणून अर्मिंटाकाकूने त्यावर पावडर थापली. ओसरीवर मुलाखत सुरू झाली.

"मिस्टर लॅटिमोर, उडी मारताना तुमच्या मनात काय होतं?"

काकाने खांदे ताठ केले. "पोरी, मी मनाशी म्हटलं, आज न्यायासाठी हा देह..."

"घसरला तो," जाळीच्या दाराआडून काकूचा आवाज आला.

कॅमेरा चालूच होता.

"अर्मिंटा, मुलाखत माझी चाललीये."

"मग खरं सांग की. मी कुंपणापाशी डबा घेऊन उभी होते. मातीची हातगाडी ओढत हा उलटा चालला होता आणि मला हात करत होता. गाडी राहिली काठावर, हा गेला पाण्यात."

"मी तुझा निरोप घेत होतो! मरायला निघालेला माणूस निरोप घेतो."

"मरायला निघालेला डोळा मारतो होय?"

आवाज टिपणारा माणूस हसता हसता पायरीवरच बसला. काकाचं तोंड एवढंसं झालं. "साठ वर्षं गप्प होतीस, मग आजच बरं कंठ फुटला?"

"चर्चमध्ये सगळे तुला वीर म्हणायचे. तुझ्यामागे मलाही पुढच्या बाकावर जागा मिळायची. कशाला बोलू?"

मग इमानी आम्हाला तलावाच्या जागी घेऊन गेली. आता तिथे नुसती हिरवळ आहे. बुडताना हात कसे मारले ते दाखवायला काका सुटासकट गवतावर पालथा पडला आणि हातपाय झाडू लागला. रस्त्यापलीकडच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. कॅमेरा झाडाआड होता, तो त्यांना दिसलाच नाही. जरा वेळात भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली.

"आजोबा, काय होतंय?" आतून उतरलेल्या माणसाने विचारलं.

"बुडतोय," काका म्हणाला.

"कधीपासून?"

"एकोणीसशे त्रेसष्टपासून."

त्याने काकाचा रक्तदाब दोनदा तपासला.

चित्रपट तयार झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. बेड्या, 'फक्त गोऱ्यांसाठी' लिहिलेल्या पाट्या, जाळलेली घरं. मग तलावाचा जुना फोटो आला, गोऱ्या पोरांनी भरलेला. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "मी कुंपणातून बघायची. पाण्यात पाय कसे वाकडे दिसायचे त्यांचे. मला वाटायचं, माझेही तसेच दिसतील का?" तेवढ्यात पडद्यावर काका तलाव घासल्याचं सांगू लागला आणि सगळा हॉल हसत सुटला. पाठोपाठ नवराबायकोचं भांडण आलं, तेव्हा तर पाद्रीबाबांनीही डोळे पुसले.

दिवे लागले आणि मागच्या बाकावरून एक गोरा म्हातारा उभा राहिला. ड्वाइट प्रुएट, तेव्हाचा जीवरक्षक.

"काठी माझ्या हातात होती," तो म्हणाला. "तुम्ही बुडत होतात आणि मी मुकादमाच्या तोंडाकडे बघत होतो, वाचवू का म्हणून. तसं बघायला नको होतं. एवढंच सांगायला आलो."

काका उठून त्याच्यापाशी गेला.

"बरं केलंस आलास. आता या लोकांना सांग, मी उडी मारली की घसरलो?"

प्रुएटने टोपी हातात चोळली. "खरं सांगू? तुम्ही पडलात तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो."

"बघा! पुरावा नाही!" काका ओरडला.

"तेव्हा सगळं गावच दुसरीकडे बघत होतं, ड्वाइट," काकू म्हणाली. "ये, बस. केक घे." त्याने घेतला. दोनदा घेतला.

आता काकाला शाळांमधून बोलावणी येतात. मी गाडी चालवते, काकू शेजारी बसते. गोष्टीत काका हल्ली डोक्याकडून सूर मारतो. मागच्या महिन्यात तर त्याने तलावाची एक फेरीही पूर्ण केली. काकू मान खाली घालून ऐकते. पण प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतंच, "पुरायचाच होता, तर घासला कशाला?"

काकाकडे नाही नाही त्या प्रश्नांची उत्तरं असतात. याचं नाही. तो काकूकडे बघतो. काकू म्हणते, "आम्हालाही कोणी सांगितलं नाही, बाळा." मग काका सूट सावरतो आणि पोहून दाखवायला बाईंच्या टेबलावर पालथा पडतो.