वरून दिसलेली लाखोरी

आमच्याकडे धान, म्हणजे भात, उभं असतानाच त्यात लाखोरीच्या डाळीचं बी फेकतात. जमिनीत ओल असते, नांगर लागत नाही. धान कापायला येईपर्यंत खाली कोवळी लाखोरी उगवलेली असते. कोंढा या माझ्या गावी आमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, मीही शाळेच्या दिवसांत ती दरवर्षी फेकली आहे.

आता मी नागपुरात उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करतो. उपग्रहाचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतो. तो आम्ही पडद्यावर लाल रंगात पाहतो. पीक जितकं हिरवं, जोमदार, तितका लाल गडद. चित्र इतकं बारीक की प्रत्येक बांध वेगळा ओळखू येतो.

यंदा धान कापणीला आलं आणि अवकाळी पाऊस झाला. नुकसान पाहायला पथकं कोणत्या गावांत जाणार, ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. कोंढ्याचा पट्टा लालभडक दिसत होता. साहेब म्हणाले, "इथलं धान उत्तम आहे. हे गाव वगळा."

गाव वगळलं की तिकडे कोणी फिरकणार नव्हतं. मी आईला फोन लावला.

"आई, आपलं धान कसं आहे?"

"कसं राहीन, बाबू? पुरं झोपलं. लोंब्यांले कोंब फुटून राहिले."

"वरून तं मस्त दिसून राहिलं."

"मंग वरच्याले म्हन, खाली उतरून पाह्य. लाखोरी तेवढी मस्त आहे."

मला तेवढं पुरे होतं. पावसाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं साहेबांसमोर शेजारी शेजारी ठेवली.

"सर, पावसाआधी लाल उतरत गेलाय, म्हणजे धान पिकलं होतं. पावसानंतर तो पुन्हा चढला. पिकलेलं धान परत हिरवं होत नाही."

"मग हे काय आहे?"

"लाखोरी. आडव्या धानातून वर आली."

"उभ्या पिकात दुसरं पीक? नांगरट कधी करता?"

"करतच नाही, सर. नुसती फेकतो."

साहेब हसले, दोन्ही चित्रं पुन्हा निरखून पाहिली आणि गाव यादीत परत घेतलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईवडिलांनी बांधी सांभाळली म्हणून मी शिकलो, आणि त्या दिवशी बोलताना कॉलेजइतकीच ती बांधीही माझ्या पाठीशी होती.

आठवड्याभरात आईचा फोन आला.

"आले होते तुहे पथकवाले. धान पाह्यलं, फोटो काढले, समदं लिहून नेलं."

"बरं झालं ना मग!"

"काय बरं? बूट घालून साऱ्या लाखोरीतून गेले. पुढच्या वक्ती वरूनच सांगजो, बांधावरून चाला म्हनून."