एकशे चाळीसचे सेल

समजा, तुमच्या क्रेडिट कार्डावर एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज साठलंय. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे दर महिन्याला सहा हजार तीनशे नुसत्या व्याजात जातात आणि मूळ रक्कम जागची हलत नाही. अशात दुसरी एक बँक म्हणते, ते कर्ज आमच्या कार्डावर वळतं करा, बारा महिने आम्ही एक पैसाही व्याज घेणार नाही. तुम्ही फॉर्म भराल. जुन्या कार्डाचा नंबर द्याल, दोन टक्के फी भराल, एक लाख ऐंशी हजारांना बारानं भागाल. पंधरा हजार. दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढे पैसे खात्यातून आपोआप जावेत, अशी सूचना देऊन ठेवाल. मग नवं कार्ड हातात येईल, कोरं करकरीत. आता सांगा, ते चालतं की नाही हे तुम्ही कसं तपासाल?

मास्तरांनी त्यावर टॉर्चचे चार सेल घेतले. एकशे चाळीसचे.

मास्तर लिफ्ट दुरुस्त करतात. शाळेशी त्यांचा संबंध आठवीपर्यंतच होता. पण सव्वीस वर्षं एकाच कंपनीत नव्या पोरांना काम शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. त्यांचा धडा एकच. नवा दोर चढवला की लिफ्ट आधी रिकामी चालवायची, मग पंचवीस किलोची वजनं ठेवून, मग पुरता भार टाकून, आणि मगच माणसं. "आधी रिकामी!" असं ते शाफ्टमध्ये, लिफ्टच्या उभ्या पोकळीत, ओरडले की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. मास्तर नवी चप्पल आणली तरी आधी रिकामीच चालवून बघतात, असं पोरं म्हणायची. मास्तर हसायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या लिफ्टमध्ये कुणाचं बोटही चेमटलं नव्हतं, त्यांना हसणं परवडत होतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं सगळ्या मेकॅनिकांना एका सकाळी बोलावून सांगितलं, उद्यापासून तुम्ही नोकर नाही, ठेकेदार. लिफ्ट त्याच, काम तेच, वेळा त्याच. फक्त हत्यारं ज्याची त्यानं आणायची. कमरेचा पट्टा, मीटर, जड भाग उचलायचा चेन-ब्लॉक, हेल्मेट, सगळं. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "आता तुम्हीच तुमचे मालक!"

घरी हे ऐकून ताई म्हणाली, "झालास ना मालक? मग आता मालकाला पगार कोण देणार?"

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं चादरी धुतल्या. लग्न दोघांचंही राहून गेलं आणि दोन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांना टोमणे मारत सुखानं राहत होती. हत्यारं कार्डावर आली, कार्ड फुगत गेलं.

नवं कार्ड मास्तरांकडे चालत आलं. त्या बँकेची शाखा ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, तिची लिफ्ट मास्तरांच्याच फेरीत येते. एकदा ते लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले होते, तेव्हा बँकेतला टायवाला वरून वाकून म्हणाला, "मास्तर, तुम्ही तर आमच्या घरचेच. व्याज कशाला भरता?" मास्तरांकडे पगाराची पावती नव्हती, म्हणून घरच्या माणसाकडे तारण मागितलं गेलं. ताईच्या निवृत्तीच्या पैशातली दोन लाखांची ठेव दोघांच्या नावावर होती. ती ठेव दातांची होती. ताईचे वरचे सात दात गेले होते आणि कवळी तिला नको होती. तिला हाडात बसवलेले पक्के दात हवे होते. डॉक्टरांशी बोलणंही झालं होतं.

"वर्षभर थांबशील का?" मास्तरांनी विचारलं.

"सात वर्षं पेजेवर काढली. अजून एक काढते," ताई म्हणाली. "पण एक लक्षात ठेव. माझे दात बँकेच्या घशात गेले तर उरलेल्या दातांनी तुला फाडून खाईन."

तर ते सेल. एवढा मोठा भार ज्या कार्डावर टाकलाय ते नीट चालतं ना, हे मास्तरांना हलक्या वजनावर बघायचं होतं. चाललं. आणि माणूस इतका चोख की त्याच संध्याकाळी बँकेत जाऊन एकशे चाळीस रोख भरून आला. पावती घडी करून पाकिटात ठेवली. पाच तारखेला पंधरा हजार गेले. फोनवर संदेश आला, 'पंधरा हजार मिळाले. धन्यवाद!' पुढच्या पाच तारखेला पुन्हा धन्यवाद. त्याच्या पुढच्या पाचला पुन्हा. मास्तर ते संदेश ताईला वाचून दाखवायचे आणि ताई बोटांवर मोजायची. नऊ राहिले.

चौथ्या महिन्यात ताईच्या नावानं पत्र आलं. तारण ठेवीबाबत सूचना. कराराचा भंग झाल्यामुळे व्याजमाफी रद्द, दरमहा पावणेचार टक्क्यांनी पहिल्या दिवसापासूनचं व्याज साडेअठरा हजार, संपूर्ण रक्कम साठ दिवसांत न भरल्यास ठेव वळती करण्यात येईल.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. ताईनं एकदाच वाचलं आणि चपला घातल्या.

टायवाल्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा सर. पहिल्या महिन्यात तुमचं देणं होतं पंधरा हजार एकशे पंचेचाळीस. आले पंधरा हजार. कमी पडले. एक हप्ता कमी पडला की योजना आपोआप संपते."

"एकशे पंचेचाळीस कसले?"

"एकशे चाळीसची खरेदी, वर पाच व्याज."

मास्तरांनी पाकीट काढलं, पावती उलगडली आणि टेबलावर तळहातानं सपाट केली. "हे एकशे चाळीस. त्याच दिवशी भरलेत."

"बरोबर आहे सर. पण नियम असा आहे की भरलेले पैसे आधी बिनव्याजी कर्जात जमा होतात. खरेदी तशीच राहते."

"मी सेलचे म्हणून भरले."

"सिस्टिमला ते कळत नाही सर."

"माझ्या बहिणीची ठेव कुठे आहे ते बरं कळलं तिला!"

मास्तरांचा आवाज शाफ्टमधला झाला होता. रांगेतली माणसं वळून बघू लागली. टायवाला हळू आवाजात म्हणाला, "सर, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. पान अकरा. तुम्ही ते कार्ड वापरायलाच नको होतं. असं वळतं केलेलं कार्ड कपाटात ठेवून द्यायचं असतं."

"मग दिलंत कशाला?" ताईनं विचारलं. "कापून द्यायचं होतं. आमच्या धुलाईखात्यात ज्या मशीनला हात लावायचा नसेल तिच्यावर लाल पाटी असायची. तुम्ही चकचकीत पाकिटात घालून आणून दिलंत, वर चॉकलेट ठेवलंत. मला चावता येत नाही, तरी ठेवलंत."

मागे कुणीतरी हसलं. टायवाला हसला नाही. तो बिचारा पंचविशीचा होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण नियम आपण केला नाही, असं म्हणून तो मोकळा झाला. नियम वरच्यांनी केला होता. वरचे कोण, ते कुठे बसतात, हे त्यालाही माहीत नव्हतं. अशी माणसं नेहमी तिथंच बसतात, जिथं लिफ्ट जात नाही.

मास्तरांनी पावती पुन्हा घडी करून पाकिटात ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. नववा चढला तर काय होतं?"

"घंटी वाजते."

"दार?"

"उघडंच राहतं."

"मग तो उतरतो आणि लिफ्ट चालते. आठ जणांना घेऊन ती तळाला आपटत नाही. आणि तीन महिन्यांनी कुणी येऊन सांगत नाही की त्या दिवशी नववा चढला होता."

टायवाल्यानं पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.

ताई उठली. आजच्या आज सगळं फेडायचं तर किती, ते तिनं विचारलं. टायवाल्यानं यंत्रावर काढून दाखवलं. एक लाख पस्तीस हजार मूळ, साडेअठरा व्याज. "एक लाख साडेत्रेपन्न हजार. ठेव मोडा," ताई म्हणाली. "आज. आत्ता. साठ दिवस तुमचं पोट भरायला बसायचं नाही मला."

"ताई, थांब जरा. तक्रार करू, भांडू..."

"भांड की. पण माझ्या दातांवर व्याज चढवून भांडू नकोस." तिनं सही केली. एकतीस वर्षं ओल्या चादरी पिळून बोटं वाकडी झालेली, सही वेळ घेत होती. मास्तरांना ती बघवेना. "आता तू माझा कर्जदार. पाच तारीख, पंधरा हजार. व्याज नाही. आणि एक पैसा कमी पडला तर घंटी मी वाजवीन. त्याच दिवशी."

नव्या कार्डाचे तिनं टायवाल्याकडूनच कात्री मागून तीन तुकडे केले. दोन तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले, एक पर्समध्ये टाकला. कशाला ते सांगितलं नाही.

दोघं जिना उतरून तळमजल्यावर आली तेव्हा टायवाला मागून धावत आला. चेहऱ्यावर ओशाळं हसू. "मास्तर, राग मानू नका, पण लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर जरा धक्का देतेय. तुमच्याच फेरीत आहे ना?"

ताईनं भावाकडे बघितलं. मास्तरांच्या खिशात किल्ली होती. 'बंद' लिहिलेली पाटी त्यांच्या पिशवीत कायम असते, आणि ती लावायला त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. दोन दिवस ती पाटी तिथं राहिली असती तर वरच्यांपर्यंत नाही, निदान तिसऱ्या मजल्यापर्यंत तरी राग पोचला असता. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी एक बाई कुबडी बगलेत घट्ट करून लिफ्टची वाट बघताना दिसली. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. ब्रेकचा पट्टा झिजला होता. सुटा भाग पिशवीत होता, बदलला. चाळीस मिनिटं लागली. रिकामी चालवली, मग वजनं चढवली. दात आवळून. ताई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मग कुबडीवाली बाई आत गेली आणि वर गेली, धक्का न बसता.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. ताई पेजेवरच आहे. मास्तरांनी तिचे पाच हप्ते दिलेत, सगळे पाच तारखेला. सेल संपले, टॉर्चमध्ये दुसरे घातले, रोखीनं. तिसरी तक्रार परवा केली. आधीच्या दोन्हींना एकच उत्तर आलं होतं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' ताईनं उत्तरं वाचली आणि म्हणाली, "नोंद घेण्यात हुशार आहेत."

तिसऱ्या अर्जात मास्तरांनी पैसे मागितलेच नाहीत. तक्रारीचा तपशील लिहायला पाऊण पान कोरं होतं. त्यांनी वरच्या दोन ओळीच वापरल्या. अक्षर मोठं आणि ठाम, शाफ्टच्या भिंतीवर खडूनं माप लिहावं तसं. एकशे पंचेचाळीस कमी पडले, हे तुमच्या यंत्राला त्याच रात्री कळलं होतं. मग त्याच यंत्रानं मला तीन महिने 'धन्यवाद' का म्हटलं?