गाद्यांतला कापूस

त्या दिवशी पिंजारी आला आणि आमच्या घरातल्या गाद्या, दुलया आणि उशा उसवून त्यांतला कापूस तोलून घेऊन गेला. त्यानंतरच्या पौषात आमची मुलगी वारली.

तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत मास्तर होतो. घरात आम्ही नवराबायको, नुकताच धुळाक्षरे गिरवू लागलेला मुलगा आणि भिंतीला धरून चालणारी मुलगी. बायकोचे माहेर अमरावतीचे, भटजींचे घर.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस यायचा बंद झाला होता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. ज्याच्याकडे काळी जमीन होती त्याच्या बैलांच्या शिंगांवरसुद्धा चांदी चढली. आमच्याकडे जमीन नव्हती. पगार होता तेवढाच राहिला. ज्वारीच्या रानात लोकांनी कापूस लावला, त्यामुळे ज्वारी महाग झाली. लुगडे महाग झाले. दुधात पाणी आले, आणि ते पाणीही दुधाच्या भावाने घ्यावे लागे. त्या वर्षांना लोक अजून सुगी म्हणतात. पगारदार माणसाला लहान मुलांसह त्या सुगीतून जावे लागले, तर तो काय म्हणेल हे कोणी विचारीत नाही.

बायको काटकसरी होती. माझ्या विरलेल्या धोतरातून मुलाच्या बंड्या निघत. ती आधी मुलांना जेववी, मग मला, आणि स्वतः काय खाई ते मला दिसू देत नसे. अंगावरचे दूध आटल्यापासून मुलीला ती कण्यांची पेज पाजी, त्यात दुधाचा रंग येईल इतकेच दूध. ती पेज घोटताना एकदा म्हणाली, "अहो, एक म्हैस घेऊ. गावभर सरकीचे ढीग पडलेत, खायला घालणं काही जड नाही. पोरं घरचं दूध पितील."

हिशेब बरोबर होता. कापूस जितका वटला जाई तितकी सरकी निघे, आणि सरकी खाल्लेली म्हैस चांगले दूध देते. अडचण म्हैस आणण्याची होती.

दिवाळीनंतर पिंजारी आला. दरवर्षी तो खांद्यावर धुनकी घेऊन येई आणि गाद्यांतला दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरून देई. त्या वर्षी त्याच्या खांद्यावर तराजू होता.

"धुनकी कुठं आहे?" बायकोने विचारले.

"घरी टांगून ठेवली मास्तरीणबाई. पिंजायले आता कोण बोलावते? मी विकत घेऊन राह्यलो. जुना असो, मळका असो. शेठ लोक नव्यात मिसळून गठ्ठे बांधतात."

"गादी तुम्हाला दिली तर झोपू कशावर? तुमच्या तराजूवर?"

"कडब्यावर झोपा चार महिने. नबाब लोक झोपत नसतील, पण मी झोपतो. होळीले भाव पडला का मीच नवी भरून देतो, टाके घालायचे पैसे घेणार नाही. शेजारच्या पाटलीणबाईनं तं लग्नातल्या गाद्या दिल्या. तुमाले काहून भेव वाटते?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, घरातली वस्तू घरात पडून राहण्यापेक्षा विकलेली बरी. सगळी आळी तेच करीत होती. वऱ्हाडातला माणूस उन्हाला भितो. चैत्र लागला की पाणी, सावली, कांदा या सगळ्यांची तजवीज ठेवतो. थंडी त्याच्या हिशेबातच नसते. शिवाय घरात कापूस असणे आणि पेटीत रुपया असणे यांत त्या वर्षी कोणाला फरक वाटत नव्हता. उशाखाली पैसा निजवून ठेवणे हा आळस ठरत होता.

गाद्या उसवल्या तेव्हा घरभर कापूस उडाला. मुलगी भिंत सोडून त्याच्या मागे धावू लागली, पडली, हसली, शिंकली. मुलाने तिच्या डोक्यावर कापूस ठेवून "म्हातारी, म्हातारी" म्हणून तिला चिडवले. बायको इतकी हसलेली मी पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती.

आम्ही जमिनीवर कडबा पसरला, वर तरट टाकले आणि त्यावर जुनेर. मुलाला त्या कडब्याचा आवाज आवडे. पांघरायला माझी घोंगडी होती आणि बायकोची एक गोधडी होती. दुसरी गोधडी शिवण्याजोगे जुने लुगडे घरात नव्हते, कारण जुनी लुगडी ती नेसत होती.

मार्गशीर्षात अवेळी पाऊस झाला आणि पाठोपाठ सातपुड्याकडून वारा सुटला. शेणाने सारवलेली जमीन ओली राहू लागली. कडब्याला वास आला. तो आम्ही बदलला, तर नवाही दोन दिवसांत दमट झाला. थंडी वरून येते असे समजून आम्ही मुलांच्या अंगावर पांघरूण घालीत होतो. ती खालून येत होती. दुलईपेक्षा गादीची किंमत मोठी असते हे तेव्हा कळले.

मुलीला आधी खोकला आला, मग डबा झाला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: श्वास घेताना मुलाचे पोट उडते आणि बरगड्यांखाली खड्डा पडतो. वैद्याने मधातून मात्रा दिली आणि जाताना म्हणाला, "खाली ऊब ठेवा. मऊ, कोरडी गादी हवी." शेजारच्या पाटलीणबाई बिब्बा घेऊन आल्या. "पोटावर चटका दे बाई, माह्या दोन पोरी यानंच वाचल्या." बायकोने आधी नाही म्हटले. संध्याकाळी स्वतःच बोलावून चटके देवविले. मुलीला रडण्याइतका श्वास नव्हता.

मी गादी मागायला निघालो. पाटलीणबाईंनी कडब्याकडे बोट दाखवले. "मास्तर, तुमच्यासारखंच आमचं." त्यांच्या गळ्यात नवी पुतळ्यांची माळ होती, आणि त्या खरेच कडब्यावर झोपत होत्या. पुढच्या घरीही तेच. आळीत चांदी पुष्कळ होती, गादी एकही नव्हती.

मग कापसाच्या बाजारात गेलो. गाड्यांची रांग लागली होती, बैलांना पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका अडत्याला म्हणालो, "लहान मुलाच्या गादीपुरता कापूस द्या, भावाने पैसे देतो."

"मास्तर, इथं खंडीची बात होते," तो म्हणाला. "सुटा कोण तोलत बसते? अन् हा माल माहा नाही, सौदा झालेला आहे. यातली एक मूठ हलली तं मुनीम माही मुंडी हलवंन."

बाजूचे दोघे हसले. एक म्हणाला, "मास्तर, पोरांच्या फीत कापूस घेत जा." चांगल्या स्वभावाची माणसे होती. मुलगी आजारी आहे असे मी सांगितले नव्हते. सांगितले असते तर कदाचित कोणी मूठभर दिलाही असता. पण रस्त्यात उभे राहून घरचे दुखणे सांगून काही मागायचे, हे मला जमले नाही.

गावाबाहेर गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. गाड्या वरपर्यंत लादलेल्या असत, त्यामुळे जाताना काट्यांना कापूस अडके. पुष्कळ गरीब बायका तो वेचीत. मीही उपरणे पसरून वेचू लागलो. एक म्हातारी म्हणाली, "हा आमचा वाटा आहे बाबा, तुमी कारकून लोक याच्यावरही आले का?" मी तिला कारण सांगितले. तिला सांगता आले. तिने आपल्या ओटीतला कापूस माझ्या उपरण्यात ओतला आणि पुढच्या बाभळीकडे गेली.

घरी बायकोने त्यातली सरकी आणि काटे नखांनी काढले आणि माझ्या शाळेच्या पागोट्याच्या कापडात भरून एक चिमुकली गादी केली. मुलगी तिच्यावर निजली. सकाळी, मुलगा तोंड धुऊन परत येईपर्यंत, ती गेली होती.

फाल्गुनात आम्ही म्हैस घेतली. गाद्यांच्या कापसाचे पैसे होते तसेच होते; आजारात फार खर्च झाला नव्हता. मुलाला घरचे दूध मिळू लागले आणि तो अंगाने भरला. पाटलीणबाई आपल्या सुनांना सांगत, "त्या मास्तरीणबाईकडून शिका. असा संसार करावा." बायको हे ऐकत असे आणि शेण उचलत असे.

पुढे लढाई संपली आणि भाव कोसळला. माझी बदली अमरावतीला झाली. तिथे मी कापसाच्या गाड्या तशाच उभ्या पाहिल्या. कोणी विचारीत नव्हते. बायकोने इतका कापूस घेतला की गाद्या ठेवायला फळ्यांवर जागा उरली नाही. मुलगा चांगला मोठा झाला तरी तो निजला की ती त्याच्या पाठीखाली हात घालून पाही. तो चिडे. "आई, काय चाचपतेस?" ती त्याचे पांघरूण सारखे करून निघून जाई. काटकसर हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही, मात्र करायचे सोडलेही नाही. मुले वाढवायची म्हणजे दुसरे काय करणार होती ती?

आम्ही दोघे त्या पौषाबद्दल कधी बोललो नाही. कोणाची चूक हे ठरवायला बसलो असतो तर एकमेकांकडे पाहता आले नसते. भाव ठरवणाऱ्यांना आमचे नावही ठाऊक नव्हते.

गेल्या श्रावणात बायको वारली. मुलगा कचेरीत नोकरीला आहे. आपल्याला बहीण होती हे त्याला माहीत आहे, पण ती आठवत नाही. तिचा चेहरा आठवणारा मी एकटा राहिलो आहे.