बिनसावलीची द्राक्षबाग

आमचं घर कायम दुसऱ्याच्या द्राक्षबागेच्या कडेला असायचं. पत्र्याची एक खोली, बाहेर तीन दगडांची चूल. बाबा छाटणी करायचे, आई घडांतले जादा मणी काढून विरळणी. नाशिककडच्या बागा मांडवावर चढवलेल्या, त्यामुळे दोघांचे हात दिवसभर डोक्याच्या वर. संध्याकाळी आईला स्वतःची वेणी घालायलाही हात उचलवायचा नाही. "घाल बाई तूच," म्हणून ती माझ्यापुढे पाठ करून बसायची.

बागेच्या तोंडाशी मांडवाच्या गार सावलीत मालकाचा सिमेंटचा कट्टा होता. त्यावर पाहुणे बसायचे, त्यांच्यापुढे द्राक्षांचं ताट यायचं. आमचा चहा बांधावर, वेगळ्या कपांतून. कट्ट्यावर बसू नका असं कुणी कधी म्हटलं नाही. आम्ही म्हणायची वेळच येऊ दिली नाही.

मी शिकले. सरकारी शाळा, मग वसतिगृह, मग पुण्यात इंजिनिअरिंग. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. तेव्हापासून घरात सगळं मला विचारून होऊ लागलं. भावाला कुठल्या शाळेत घालायचं, आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, गावी बांधायच्या घरावर पत्रा की स्लॅब. "ती शिकलेली आहे," बाबा म्हणायचे आणि विषय संपायचा. मला ते आवडायचं.

नोकरीनं मला इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आणलं. आई-बाबा पहिल्यांदा इकडे यायचे होते, तेव्हा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या एका खेड्याबद्दल सांगितलं. एक चर्च, एक बेकरी, चारी बाजूंनी द्राक्षमळे, आणि मळ्याला लागूनच भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या. ऐकताना मला मालकाचा तो कट्टाच दिसला. या दोघांना एकदा द्राक्षबागेत पाहुणे म्हणून बसवायचं, मी ठरवूनच टाकलं. फ्रान्सचा व्हिसा त्यांना मुंबईतूनच काढून यायला लावला. मेमधल्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारची सुट्टी जोडून आलेल्या वीकेंडला खोल्या घेतल्या.

आई-बाबा आले, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "काहीही प्लॅन करायचं नाही, हाच प्लॅन. नुसतं बसायचं."

"नुसतं?" आई घाबरलीच. "मंग दिवसभर करायचं काय?"

आमच्याकडे काम नसलेला दिवस म्हणजे चूल कशी पेटायची याची काळजी असलेला दिवस. आरामात वीकेंड घालवणं आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांनाही शिकावं लागणार होतं. मी फोनवर त्या बागांचे फोटो दाखवले. वेली जेमतेम कमरेएवढ्या, मांडव नाहीच.

"एवढुशी? आन् सावली कुठंय?" आई म्हणाली.

"अगं, थंड देश तो. तिथं सावली कशाला?" बाबा म्हणाले आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला एजवेअरला आपल्या लोकांनी घेतलेल्या हॉलमध्ये गेलो, तर बाबा भेटेल त्याला सांगू लागले, "आम्ही फ्रान्सला बाग बघाया चाललो."

एक मोकळ्या स्वभावाचा तरुण हसत म्हणाला, "काका, वाइनचं गाव आहे ते! मजा आहे बुवा तुमची!"

आजूबाजूचे हसले. बाबा हसले नाहीत. तरुणपणी पंचशील घेतल्यापासून त्यांनी दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, आणि वस्तीतल्या कितीतरी जणांची सोडवली होती. मी त्यांना 'द्राक्षांचं गाव' एवढंच सांगितलं होतं. द्राक्षांचं पुढे काय होतं, ते मुद्दामच गाळलं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचताच मी खोल्या रद्द केल्या.

"बाबा, फ्रान्सचं रद्द केलंय. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

त्या वीकेंडला आम्ही समुद्रकाठच्या बोर्नमथला गेलो. वाऱ्यात बसून चिप्स खाल्ले. बाबांनी समुद्राचं कौतुक केलं. मला वाटलं, मी त्यांचा मान राखला.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी नाशिकला पोचले. सगळे विधी आटोपल्यावर आई त्यांची प्रवासाची बॅग उपसत होती, त्यात कपड्यांच्या घडीत त्यांची छाटणीची कात्री निघाली.

"ही इंग्लंडला नेली होती?"

"नेली होती की. तिकडं कशी छाटतात ते बघायचं होतं त्यांना."

"पण आई, वाइनचं ऐकून ते गप्प झाले होते ना?"

"कोनी सांगितलं तुला? तू पुण्याला गेल्यावर शेवटची वर्षं वाइनच्याच बागेत छाटणी केली त्यांनी. प्यायचं न्हाई, बघायला काय? ते तर त्या पोराला काय उत्तर द्यायला हवं होतं, त्याचा इचार करत होते. घरी येऊन मला म्हनले, त्याला सांगायचं राहिलं, बाबा रे, मी बागेतल्या मालाचा मानूस, बाटलीचा न्हाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

आईनं कात्री फडक्यात गुंडाळली. "तू शिकलेली. तू रद्द केलंस म्हंजी काहीतरी कारन असंल, म्हनले."

तेव्हा बाबांना फक्त एक प्रश्न विचारायचा होता. तो मी विचारला नाही, कारण माझ्या घरात मला प्रश्न विचारायची सवय कुणी लावलीच नव्हती. उत्तरं तेवढी मागितली जायची. तो "बरं" मला अजून ऐकू येतो. गाडी चालवताना, भांडी घासताना, कुठेही.

गेल्या सप्टेंबरात आईला पुन्हा बोलावलं. या वेळी सगळं सांगून विचारलं, "आई, वाइनचं गाव आहे. जायचं का?"

"कवाची वाट बघते," ती म्हणाली.

त्याच गावात, त्याच खोल्या मिळाल्या. मळ्याच्या मालकीणबाईनं ओळीच्या टोकाला दोन खुर्च्या मांडल्या आणि काळ्या द्राक्षांची बशी आणून ठेवली. ऊन थेट डोक्यावर होतं. आईनं डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. शेजारच्या खुर्चीवर तिनं कात्री गुंडाळलेलं ते फडकं ठेवलं होतं, म्हणून मी खाली गवतावर बसले.

"बी लई हाय यात," एक द्राक्ष खाऊन ती म्हणाली. मग दुसरं घेतलं.

आम्ही दोन रात्री राहिलो. काहीच केलं नाही. माझी आई द्राक्षबागेत पाहुणी म्हणून बसली.